जुनी पट्टी

सूप अजून भाजत होतं, म्हणून लेनोर हेल चमचा ओठांपाशी धरून फुंकर घालत होती आणि फुंकरीबरोबर आपोआप गुणगुणत होती. बुधवार, म्हणजे दोन प्रयोगांचा दिवस. दुपारचा प्रयोग उरकून, तोंडावरचा रंग अर्धामुर्धा पुसून, डोक्याला रुमाल बांधून ती दर बुधवारसारखी झिगीच्या खानावळीत मागच्या टेबलाशी येऊन बसली होती. कांदा चिरल्यावर वास हाताला राहतो तसं दुपारचं गाणं घशात राहून गेलं होतं. तेवढ्यात गल्ल्यामागच्या फळीवरच्या रेडिओवर तेच गाणं लागलं. तिचंच, बत्तीस वर्षांपूर्वीच्या तबकडीवरचं. असं कधीमधी व्हायचं. जुन्या नाटकांची गाणी लावणारा कुणीतरी हौशी माणूस तिकडे स्टेशनात बसलेला होता, आणि तो आपली तबकडी लावतो आहे हे कळलं की लेनोर मान वर न करता सूप पीत राहायची. आजही तिने मान वर केली नाही. नुसतं गुणगुणणं चालू ठेवलं. वाटलं, घशातलं गाणं आणि रेडिओतलं गाणं आत्ता एकमेकांना येऊन मिळतील. ती मिळाली नाहीत. रेडिओतली मुलगी वर होती आणि ही खाली. अंधारात अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं झालं आणि चमच्यातलं सूप टेबलावर सांडलं.

"झिगी," ती म्हणाली, "तुझा रेडिओ वेगात फिरतोय."

झिगी मांसाचे काप करत होता. सुरी न थांबवता म्हणाला, "रेडिओ कसा फिरेल, लेनोर? तबकडी फिरते. तीही तिकडे, त्यांच्याकडे."

"मग त्यांची वेगात फिरतेय."

"फिरू दे की. तुझाच आवाज ना हा? अगदी पोरीसारखा वाटतोय."

"पोरच होते."

"तरी म्हटलं," झिगी म्हणाला, "ओळख पटेना." आणि आपल्याच विनोदावर नाकातल्या नाकात हसला. लेनोरनेही सवयीने हसून दाखवलं. हात मात्र टेबलाखाली एकमेकांत अडकवून ती ऐकत राहिली. मुलगी शेवटच्या ओळीकडे निघाली होती. 'खिडकी उघडी ठेव, मी येते आहे' – त्यातल्या 'येते'वर तो वरचा स्वर, ज्याच्यासाठी लोक तेव्हा तिकीट काढायचे आणि आताही काढतात. मुलगी तिथे चढली. चढली कसली, वाऱ्याने दार उघडावं तशी आपसूक तिथे पोचली. लेनोरने तोंड मिटूनच तिच्याबरोबर जाऊन पाहिलं. निम्म्या वाटेवर गळ्याची शीर ताठ झाली आणि ती थांबली. मग कॉफी विकणाऱ्या कंपनीची जाहिरात लागली.

तबकडी वेगात फिरत नव्हती. हे तिला खुर्चीतून उठण्याआधीच कळलं होतं, पण कोट चढवताना, झिगीला येते म्हणताना, बाहेर न्यूयॉर्कच्या आठव्या अव्हेन्यूच्या कडेला साठलेल्या काळपट बर्फावरून पाय जपत चालताना तिने ते कळलेलं बाजूला ठेवलं. मार्चचं वारं नदीकडून सरळ आडव्या रस्त्यांत घुसत होतं. नाटकघराच्या दर्शनी भिंतीवर तिचा मोठा फोटो होता आणि त्याखाली वर्तमानपत्रातल्या समीक्षकाचं वाक्य: बत्तीस वर्षांनी तेच गाणं, तोच कंठ. पहिल्या वेळी 'हार्बर स्ट्रीट'मध्ये ती घर सोडून जाणारी मुलगी होती, चोवीस वर्षांची. आता नाटक नव्याने उभं केलं तेव्हा तिला घरमालकिणीचं काम दिलं, आणि लोक तिच्या तोंडून ऐकायला येणार म्हणून मुलीचं गाणं उचलून घरमालकिणीला दिलं. घरमालकीण आपलं तरुणपण आठवते आणि गाते, असं त्यांनी ते बसवून घेतलं. मुलाखतीला आलेल्या बाईला लेनोरने स्वतःहून सांगितलं होतं, "एका अर्ध्या स्वराचाही फरक नाही. त्याच पट्टीत गाते. हर्शेलला विचारा." हर्शेल तेव्हा शेजारीच उभा होता. त्याने खिशातली आम्लपित्ताची गोळी काढून तोंडात टाकली होती आणि मान डोलावली होती. आता फोटोसमोर उभं राहून तिला ती गोळी आठवली. माणूस खोटं बोलताना काहीतरी चघळतो.

नाटकघराच्या मागच्या दारात पहारेकरी डुलकी घेत होता. दोन प्रयोगांच्या मधल्या वेळेला रंगमंच रिकामा असतो. मध्यभागी उंच दांडीवर एकच उघडा दिवा जळत असतो, जाळीत अडकवलेला. तो दिवा तिला लहानपणापासून ओळखीचा वाटायचा. लहानपणी म्हणजे इथे नव्हे. इथे ती आली एकोणीस वर्षांची होऊन. पण जॉन्सटाउनच्या त्यांच्या घरात स्वयंपाकघरात असाच एक उघडा दिवा वायरला लटकलेला होता आणि बाप पोलादाच्या कारखान्यातून रात्रपाळी करून यायचा म्हणून आई तो विझवत नसे. तेव्हा ती लेनोर हेल नव्हती, लेन्का हालुष्का होती. रंगमंच ओलांडून ती मागच्या तालमीच्या खोलीत गेली, पियानोचं झाकण उघडलं आणि उभ्यानेच आधी घशातला स्वर शोधला. सापडला. मग रेडिओतला आठवून तो शोधला. दोन्ही पट्ट्यांवर दोन बोटं ठेवून ती पाहत राहिली. एक बोट इथे, एक तिथे, आणि मध्ये न वाजलेल्या पट्ट्या. काळ्या धरून मोजल्या तर तीन अर्धे स्वर. कुणीतरी रोज रात्री येऊन घराची एकेक वीट काढून नेली आणि आपण त्याच घरात राहत होतो, आणि पाहुण्यांना सांगत होतो की घर आहे तसं आहे.

"झाकण लाव," मागून हर्शेल फाईन म्हणाला. "ओल धरते."

तो दारात उभा होता, लोकरीच्या सैल जाकिटात, हातात सँडविचचा कागद. बत्तीस वर्षांपूर्वी तो तालमीत पियानो वाजवणारा काटकुळा पोरगा होता. आता वाद्यवृंद चालवत होता, वजन वाढलं होतं, बायको वारली होती. एकदा, फार पूर्वी, फिलाडेल्फियाहून परतताना टॅक्सीत त्याने लेनोरला लग्नाचं विचारलं होतं. टॅक्सी थांबली तेव्हा दोघंही हसत होती, आणि नंतर त्या हसण्याचंच नातं होऊन बसलं.

"किती दिवस?" तिने विचारलं.

त्याने तिच्या बोटांकडे पाहिलं. काय ते त्याला विचारावं लागलं नाही.

"पहिल्या तालमीपासून," तो म्हणाला. "अर्धा तेव्हाच उतरवला. मग तुला तो खोकला झाला, त्यानंतर आणखी एक. तिसरा नाताळनंतर."

"आणि मी म्हणत होते, खोकल्यानंतर गळा उलट मोकळा झाला."

"झालाच होता. मोकळा वाटत होता ना?"

"हर्श, मी त्या बाईला काय सांगितलं ते तू ऐकलंस. रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसलेले सगळे वाजवणारे तेव्हा काय म्हणाले असतील?"

"काही नाही. टुलीने क्लॅरिनेट पुसला." तो येऊन बाकावर बसला, बाक कुरकुरला. "लेनोर, हे सांगायचं नसतं. तुला ठाऊक आहे. ज्या दिवशी गाणाऱ्याला सांगितलं त्या दिवसापासून त्याला नुसता तो उतार ऐकू येतो. पट्टी उतरवायची, कागद बदलायचे आणि गप्प बसायचं. ही आपल्या लोकांची रीत आहे. मी काही नवीन काढलं नाही."

तिला ठाऊक होतं. 'हार्बर स्ट्रीट'च्या पहिल्याच वर्षी शेजारच्या नाटकघरात ब्लांच ॲमरी नावाची मोठी नटी होती, रुपेरी केसांची, दोन कुत्री घेऊन फिरणारी. तिच्या गाण्याची पट्टी दर मोसमाला खाली येते आहे ही गोष्ट सगळ्या गल्लीला माहीत होती आणि फक्त ब्लांचला नव्हती. हर्शेलनेच लेनोरला सांगितलं होतं, हसत, कागदी पेल्यातली कॉफी पिता पिता: "अजून थोडी उतरली की बाई पुरुषांच्या रांगेत उभी राहील." लेनोर इतकी हसली होती की कॉफी नाकात गेली. ब्लांच मात्र प्रत्येक प्रयोगाला, गाणं संपल्यावर, हनुवटी वर करून अशी उभी राहायची की जणू आत्ताच कुठल्यातरी डोंगरावरून उतरून आली आहे. ते उभं राहणं लेनोरने तिच्याकडून उचललं होतं. आज दुपारीही ती तशीच उभी होती.

"आज संध्याकाळी जुनी पट्टी," ती म्हणाली.

"नाही."

"जुने कागद आहेत?"

"नव्यांच्या खाली आहेत. नेहमी असतात. पण नाही."

"मी वर पोचते की नाही ते मला बघायचं आहे."

"मला माहीत आहे," हर्शेल म्हणाला, आणि मग हळू आवाजात, "म्हणूनच नाही म्हणतोय. हजार माणसं बसलेली असतात. घसा फाटला तर तो स्वर तुझ्या मानेला बांधला जाईल. उद्या पेपरात हेच. परवा तुझ्याऐवजी दुसरी उभी करतील, आणि तुला माहीत आहे ती कोण आहे, तिची पट्टी तर मी वर चढवीन म्हटलं तरी चढेल."

"तू मला जपतोयस."

"जपतोच आहे. त्यात लाज कसली?"

"लाज नाही. पण मला विचारून जप."

त्याने सँडविचच्या कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. बाहेर कुणीतरी फळ्या ओढत होतं. शेवटी तो म्हणाला, "दोन्ही कागद मांडायला लावतो. गाणं सुरू व्हायच्या आधी, टुली तुला स्वर देतो ना, त्याच्या आधी तू कुठे बघतेस?"

"वरच्या गॅलरीत. शेवटची रांग, कडेची खुर्ची."

"रोज तिथेच बघतेस. आज तिथे बघितलंस तर रोजची पट्टी. खाली माझ्याकडे बघितलंस तर जुनी. मी टुलीला खूण करीन, बाकीचे त्याच्यामागून येतील. शेवटच्या क्षणाला मन बदललं तर बदल. कुणाला कळायचं नाही." मग उठता उठता म्हणाला, "आणि गॅलरीत कोण असतं गं? बत्तीस वर्षांत सांगितलं नाहीस."

"कुणी नसतं," लेनोर म्हणाली. ते खरं होतं.

रंगपटात ओडेसाने अंथरूण घालून ठेवलं होतं. ओडेसा पेटिग्रू तिचे कपडे सांभाळायची. मूळची दक्षिणेकडची, कॅरोलायनाची, आणि वीस वर्षं लेनोरच्या पाठीवरचे हूक लावून लावून तिच्या पाठीची तिला लेनोरपेक्षा जास्त ओळख होती. ती दातांनी शिवणीचा दोरा तोडत म्हणाली, "सूप सांडून आलात. चांगला कोट होता."

"आहे."

"होता. झोपा आता. पाय वर घ्या. दुपारच्या वेळी कुणावर चिडून आलात ते संध्याकाळी गाण्यात दिसतं, आणि मग मला रात्री घरी जाऊन डोकं दुखतं."

"ओडेसा, माझ्या गाण्याची पट्टी उतरवली आहे हे तुला माहीत होतं?"

ओडेसाने दोरा तोंडातून काढला. "मी चर्चमध्ये गाते. तिथे जो गातो त्याच्या गळ्याला बघून बाजा वाजवणारा पट्टी धरतो. वरची खालची कोण बघतं? हूक लागतो का ते बघतात. तुमचा हूक लागत होता." मग दोरा बोटाला गुंडाळत, "मला वाटायचं, तुमच्या सांगण्यावरूनच केली असेल. एवढा तमाशा असेल असं नाही वाटलं."

"मी तमाशा करत नाहीये."

"डोळे मिटा."

तिने डोळे मिटले. गरम पाण्याच्या नळ्या भिंतीत ठोके देत होत्या. डोळ्यांमागे ती कडेची खुर्ची आली. आई एकदाच आली होती न्यूयॉर्कला, 'हार्बर स्ट्रीट' लागल्याच्या पहिल्या हिवाळ्यात, बसने, मांडीवर खाण्याचा डबा घेऊन. लेनोरने पुढच्या रांगेतली खुर्ची ठेवली होती. आईने तिकिटाकडे पाहिलं आणि नको म्हणाली. "पुढं बसलं की फक्त तू दिसशील. वर बसते, सगळे दिसतील." आणि तिकीट बदलून घेऊन गॅलरीच्या शेवटच्या रांगेत कडेला जाऊन बसली, कडेला, कारण उठून जावं लागलं तर कुणाचे पाय तुडवायला नकोत. डोक्यावर हॅट, मांडीवर पर्स, दोन्ही हात पर्सवर. प्रयोगानंतर मागच्या दाराशी लेनोर वाट पाहत राहिली की आई त्या स्वराबद्दल काही बोलेल. आई म्हणाली, "किती वेळा कपडे बदलतेस गं. गार होत नाही?" बस सुटताना खिडकीतून म्हणाली, "छान आहे, लेन्का. सगळे छान आहेत." आणि गेली. तेव्हापासून लेनोर त्या खुर्चीकडे बघून गाते. शिकागोच्या नाटकघरात, लंडनच्या, बोस्टनच्या, जिथे जिथे गॅलरी होती तिथे शेवटची रांग, कडेची खुर्ची. तिथे कधी कॉलेजातला पोरगा असायचा, कधी खलाशी, कधी रिकामी. बघणं मात्र तेच. तू काहीतरी म्हणायची राहिली आहेस, असं ते बघणं.

पण खरं म्हणजे आई म्हणाली होती. तबकडी निघाल्यावर लेनोरने ती घरी पाठवली होती आणि त्याच वर्षी ईस्टरच्या आधी ती न कळवता जॉन्सटाउनला गेली. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी येऊन हात कडीवर ठेवला आणि आतून आपला आवाज आला. तबकडी लागली होती. आणि त्या आवाजाच्या खालून दुसरा आवाज येत होता. आई गात होती. टेबलावर पीठ लाटून, बटाट्याचं सारण भरून, पिरोही दुमडत, कडा चिमटीत दाबत, प्रत्येक चिमटीला जोर देत ती तबकडीबरोबर गात होती. इंग्रजी शब्द तिला नीट येत नव्हते. जिथे अडायचं तिथे ती नुसता सूर धरायची. मग शेवटची ओळ आली, आणि जिथे तबकडीतली लेन्का वर गेली तिथे आई वर गेलीच नाही. तिने अगदी सहज खाली वळण घेतलं, दोन स्वर खाली, जसं रस्त्यावरून मोठी मोटार येते आणि म्हातारी माणसं न बघता कडेच्या पायवाटेला लागतात. आणि त्या वळणावर दोन्ही आवाज काही वेळ एकमेकांच्या वर-खाली चालत राहिले. लेनोरला आठवतं, हातात कडी गार होती. आठवतं, की चुलीवरच्या पाण्याचा वास दाराच्या फटीतून येत होता. पण ते वळण नेमकं कसं होतं, कुठून निघून कुठे लागायचं, ते तिला आठवत नाही. कारण पुढच्या क्षणी ती दार उघडून आत गेली, हसत, थंडीने लाल नाकाची, आणि म्हणाली, "नाही, आई, तिथे वर जायचं," आणि स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहून तिने तो वरचा स्वर पूर्ण लावून दाखवला. कपाटातल्या बश्या वाजल्या. आईने टाळ्या वाजवल्या, पिठाचे हात एकमेकांवर. म्हणाली, "तुझं वरचं तू गा. मला इथं खाली काम आहे." दोघी हसल्या. रागाचं काहीच नव्हतं. फक्त त्यानंतर आई कधी तिच्यासमोर त्या तबकडीबरोबर गायली नाही. लेनोर घरात आली की आई तबकडी लावायची खरी, पण मग हात पुसून गप्प बसून ऐकायची, जसं पाहुण्यांसमोर बसतात.

आई जाऊन आता किती वर्षं झाली. घर विकलं गेलं, त्यात कारखान्यातलाच दुसरा कुणी राहायला आला. ते वळण लेनोरने पुष्कळदा शोधलं होतं. आंघोळ करताना, भाजी आणायला जाताना. नाताळनंतर तर फारच, आणि जमत नव्हतं. जे सापडायचं ते आईचं नव्हतं, कुठल्याही गाण्याला बसेल असं काहीतरी होतं. आता नळ्यांचे ठोके ऐकत पडल्या पडल्या तिला वाटलं, शोधत होते ते चुकीच्या पट्टीत. मग वाटलं, हे मी स्वतःला समजावतेय. मला वरच जायचं आहे. मला फक्त बघायचं आहे की ती पोरगी अजून वर आहे का. दोन्ही विचार एकाच वेळी खरे वाटत होते आणि ओडेसा कुठेतरी इस्त्री टेकवत होती.

"अर्धा तास," बाहेरून हाक आली.

"ऐकलं," ओडेसा तिच्या वतीने ओरडली, आणि तिला म्हणाली, "उठा. झोपला नाहीतच."

पहिला अंक नेहमीसारखा गेला. हशा जिथे यायचा तिथे आला. मध्यंतरात हर्शेल आला नाही. त्याने कुणालाही पाठवलं नाही. लेनोरने गरम पाण्यात मध घालून घेतला, मग घोटभर पिऊन ठेवून दिला. विंगेत उभी असताना तिचे तळवे ओले झाले. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. झालं होतं ते अगदी पहिल्यांदा, आणि तेव्हा ती भीती गोड होती, आत कुणीतरी हाक मारून घेतंय अशी. आता ती भीती परत आली तेव्हा तिला ती जवळजवळ आवडली. वाटलं, ही कुठे होती इतके दिवस. पट्टी उतरवून त्यांनी हिलाही घालवलं होतं.

घरमालकीण खुर्चीतून उठते, खिडकीपाशी जाते, पडद्याला हात लावते. रोज याच वेळी लेनोर मान वर करते. आज मान वर निघाली. सवयीनेच निघाली, निम्म्या वाटेपर्यंत गेली. गॅलरीची शेवटची रांग अंधारात होती. कडेच्या खुर्चीत कुणी बाई होती, मांडीवर कोट घेऊन बसलेली, चेहरा दिसत नव्हता. लेनोरने मान खाली आणली आणि खड्ड्याकडे पाहिलं. हर्शेल तिच्याकडेच बघत होता, छोट्या दिव्याच्या उजेडात चष्मा चमकत होता. तो क्षणभर हलला नाही. मग त्याने एक बोट वर केलं. कागद सरकल्याची सळसळ झाली, खूप कागदांची, पावलांखाली पाचोळा वाजावा तशी, आणि फ्रान्सिस टुलीने क्लॅरिनेटवर जुना स्वर दिला.

तो तिच्या घराचा स्वर होता. दुसरं काही म्हणता येणार नाही. उंबरठ्याची उंची पायाला आठवते तशी तिच्या घशाला आठवली. तिने श्वास घेतला आणि आत पाऊल टाकलं. पहिली ओळ सोपी गेली. दुसरी ओळ ताणून लागली, पण लागली. आवाज जरा पातळ होता, रंग उडालेल्या कापडासारखा, पण कापड तेच होतं. विंगेत ओडेसा शालीची घडी छातीशी धरून पुढे आली होती. ती कधी इतकी पुढे येत नसे. खड्ड्यात व्हायोलिनवाले कागदावर नजर ठेवून वाजवत होते. गाणं पुढे चाललं तसं वरचं टोक दिसू लागलं, दूरवरून दिसावं तसं, आणि तिला कळलं की आपण तिथे पोचू शकतो. कदाचित. गळ्यात अजून तेवढं होतं. टोक धरता येईल, हिसका देऊन, डोळे मिटून, आणि लोक उभे राहतील. किंवा फाटेल. पन्नास-पन्नास. शेवटची ओळ सुरू झाली. रोज या ओळीला टुलीचा क्लॅरिनेट तिच्या बरोबरीने वर जायचा, तिच्या सावलीसारखा, आणि त्या तबकडीतही तसाच होता. 'खिडकी उघडी ठेव.' क्लॅरिनेट वर निघाला. तो तिच्या कानाच्या वरून पुढे गेला, त्या जुन्या उंचीवर, जिथे तेव्हा ती पोरगी होती. आणि तो तिथे पोचताच लेनोरच्या खाली एक वाट उघडली. तिला ती शोधावी लागली नाही. वर कुणीतरी गात असलं की खाली ती असतेच. ती इतके दिवस नव्हती, कारण वर कुणी नव्हतं. तिने वळण घेतलं. दोन स्वर खाली, कडेने, कुणाला धक्का न लावता. 'मी येते आहे.' 'येते'वर तिचा आवाज रुंद आणि खरखरीत झाला, पिठाच्या हातांसारखा, आणि वर क्लॅरिनेट एकटाच थांबला, क्षणभर गोंधळलेला, मग टुलीने तो स्वर नीट धरला आणि तिच्यासाठी लांबवला. दोघं काही वेळ तशी वर-खाली चालत राहिली.

आईचा आवाज ऐकू आला असं काही झालं नाही. तो लेनोरचाच आवाज होता. पण वळण आईचं होतं, जागा तीच, आणि ते संपत असताना तिला वाटलं, कडीवरचा हात तसाच ठेवून आणखी थोडा वेळ बाहेर उभं राहावं. दार उघडायला नको. वाद्यं संपली. टाळ्या आल्या; रोजच्यापेक्षा मोठ्या होत्या की लहान, तिला सांगता आलं नसतं. हनुवटी वर करून उभं राहायचं ती विसरली. खुर्चीत जाऊन बसली, कारण नाटकात पुढे बसायचंच होतं.

प्रयोग संपल्यावर ओडेसा पाठीवरचे हूक काढत म्हणाली, "तिथे खाली कशाला गेलात? मी शाल टाकून पळत येणार होते."

"चुकलं का?"

ओडेसाने आणखी दोन हूक काढले. "चुकलं नाही," ती म्हणाली. "आमच्याकडं माझी मावशी असं वळायची. मागच्या बाकावर बसून."

दारावर टकटक झाली. हर्शेल आत आला आणि खुर्ची असून उभाच राहिला. जाकिटाच्या खिशात हात घालून गोळी शोधली, सापडली नाही. तो आरशातल्या तिला म्हणाला, "टुलीला घाम फुटला. विचारतोय, उद्याही तसंच का. मला सगळ्यांना कागदावर काय लिहून द्यायचं ते सांग. पट्टी कुठली?"

"जुनीच."

"आणि तो वरचा स्वर? लोक त्याच्यासाठी येतात, लेनोर. तो कोण घेणार?"

तिने कापसाने कपाळावरचा रंग पुसला. खालून तिचं स्वतःचं कपाळ आलं, सुरकुत्या होत्या त्या होत्याच.

"टुली घेईल," ती म्हणाली. "मला खाली काम आहे."